गुरुवारी न लागणारं रीळ

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एवढं मनात आणा. तुम्ही एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर मांडी घालून बसला आहात. दुपारचे बारा वाजलेत. बाहेर ऊन मी म्हणतंय, पण दारांना काळे पडदे सोडलेत म्हणून आत अंधार आहे. वर पत्रा तापून तडतडतो आहे. मधोमध एक दोरी बांधली आहे, तिच्या एका बाजूला बाया आणि पोरी, दुसऱ्या बाजूला पुरुष. हाताखाली शेंगांची टरफलं येतात. आज बाजार आहे, त्यामुळे कुणाच्या तरी पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा वास सगळीकडे भरून राहिला आहे. मागच्या भिंतीला एक चौकोनी भोक आहे. त्यातून उजेडाचा पट्टा निघतो, विडीच्या धुरातून तुमच्या डोक्यावरून जातो आणि समोरच्या पांढऱ्या कापडावर माणसं उभी राहतात.

बसलात? आता मला खरं सांगा. त्या माणसांपैकी तुम्ही कुणाकडे बघता?

हिरोकडे, असं तुम्ही लगेच म्हणाल. पण नीट आठवून बघा. सिनेमा बघताना आपण पडद्यावरच्या कुणा एकाचं बोट धरतो आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चालतो. कुणी हिरोचं धरतो. नुकती सासरी गेलेली पोर सुनेचं धरते. म्हातारी आजी हिरोच्या आईचं धरते आणि हिरो घोड्यावरून कितीही उड्या मारू दे, ती आपली विचारत राहते, "त्याच्या आईनं खाल्लं का गं काही?" शेजारी शेजारी बसलेल्या दोघी एकच सिनेमा बघून उठतात आणि घरी जाऊन दोन निराळ्या गोष्टी सांगतात. यात चूक काहीच नाही. सिनेमाची मजा आहे ती हीच.

पण तुम्ही ज्याचं बोट धरलंत त्यालाच कुणी मधून काढून टाकलं तर?

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची आहे. इतकी जुनी, पण सांगायला बसलो की मला आजही राग येतो, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पारनेर तालुक्यातल्या एका बाजारगावात चांगुणा नावाची मुलगी राहायची. पाचवीत होती. त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, शेतांत जायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि सगळं गाव सरकारी कामावर, पाझर तलावाच्या बांधावर माती टाकायला जात होतं. चांगुणाची आई मालनबाई तिथे पाट्या वाहायची. वडील आसाराम सातवी शिकलेले, अक्षर सुरेख, म्हणून ओव्हरसियर साहेबांनी त्यांना हजेरीवर नेमलं होतं. सकाळी बांधावर उभं राहायचं, दीडशे माणसांची नावं एकेक करून पुकारायची, "हाय" म्हणेल त्याच्यापुढे खूण करायची.

आणि आसाराम बोलताना अडखळायचे. अगदी लहानपणापासून. प, ब, म असं अक्षर पुढे आलं की ओठ मिटायचे ते मिटलेलेच. मानेची शीर ताठ व्हायची, डोळे बारीक व्हायचे आणि मग बऱ्याच वेळाने शब्द सुटायचा.

तुम्हाला वाटेल, मग अशा माणसाला हजेरीवर कशाला ठेवायचं? अहो, पण तिथे कुणाला घाईच नव्हती. दीडशे माणसांनी त्यांच्या बोलण्याची चाल ओळखून घेतली होती. पुंजारामबाबांचं नाव आलं की आसाराम अडायचे, आणि बाबा रांगेतून म्हणायचे, "दमानं घे लेका, मी काय पळून चाललो व्हय!" सगळ्यात मजा मालनबाईंच्या नावाला यायची. एक तर 'म' अवघड, त्यात बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं. आसारामांचे कान लाल व्हायचे. ते तोंड उघडायच्या आतच मालनबाई पदर सावरत म्हणायच्या, "हाय, हाय. लिवा." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आसारामही हसायचे. त्या हसण्यात काटा नव्हता, मुलांनो. हसण्याहसण्यात किती फरक असतो ते पुढे कळेल.

त्याच्या आधीच्या दिवाळीत चांगुणा नगरला मावशीकडे गेली होती. मावशीने तिला एक मराठी सिनेमा दाखवला. तो काय होता ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. एक गाव आहे. तिथला इनामदार गावाची चराऊ जमीन गिळायला बघतो. हिरो त्याला आडवा जातो. आणि त्या गावात केरबा नावाचा कोतवाल आहे. डफ वाजवत दवंडी पिटायचं त्याचं काम, आणि नेमका तो अडखळत बोलतो. अर्धा सिनेमाभर त्याची दवंडी म्हणजे नुसती करमणूक. "ऐ-ऐ-ऐका हो" असं तो म्हणतो आणि पडद्यावरची पोरं त्याच्यामागे तेच म्हणत धावतात. नगरचं थिएटरही खदखदून हसलं. चांगुणा मात्र खुर्चीत खाली खाली सरकत गेली. तिला वाटलं, लोक आपल्या आबांनाच, आपल्या वडिलांनाच हसतायत.

मग नववं रीळ आलं. अर्थात, ते नववं आहे हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं. इनामदार केरबाला बोलावून सांगतो, उद्या चावडीवर सभा नाही अशी दवंडी दे. म्हणजे गाव येणार नाही आणि जमीन गुपचूप त्याच्या नावावर होईल. केरबा नाही म्हणतो. नाही म्हणायलाही त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्याला चार काठ्या बसतात. पहाटे तो सुजलेल्या तोंडाने डफ गळ्यात अडकवून निघतो आणि दारोदार खरी दवंडी देतो. सभा आहे, सगळ्यांनी या. एवढीच चार शब्दांची दवंडी, पण त्याला प्रत्येक चौकात किती वेळ लागतो! आणि त्या वेळात पडद्यावर दिसतात ती ऐकणाऱ्यांची तोंडं. पाणी भरणारी बाई घागर खाली ठेवते. मागे धावणारी पोरं उभी राहतात. कुणी हसत नाही. थिएटरात चांगुणाने मागे वळून पाहिलं. तिथेही कुणी हसत नव्हतं.

ती खुर्चीत नीट बसली. घरी येईपर्यंत तिने मावशीला सतरा वेळा विचारलं, "केरबा चांगला हाय ना गं?"

उन्हाळ्याच्या तोंडाला तोच सिनेमा गावच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये आला. चांगुणाला आनंद मावेना. तिने घरोघर, पाणवठ्यावर, शाळेत, जो भेटेल त्याला सांगितलं, "जावाच तुमी. त्यात केरबा नावाचा मानूस हाय. आक्षी माझ्या आबासारखा!"

हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मुलांनो. हे लक्षात ठेवा.

तलावाच्या कामाला सुट्टी असायची ती गुरुवारी, बाजारच्या दिवशी. त्यामुळे कामावरची सगळी माणसं सिनेमाला गेली ती गुरुवारी. चांगुणाला त्या दिवशी ताप होता, म्हणून तिच्यासाठी आईवडीलही थांबले आणि ती घरीच राहिली. संध्याकाळी अंगणात कान देऊन बसली. आता कुणीतरी येईल, म्हणेल, पोरी, खरंच गं, काय मानूस हाय तो!

आलं कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात तिच्या वर्गातला गोरक्ष उभा होता. बोटांनी डब्यावर ताल धरून तो ओरडला, "ऐ-ऐ-ऐका हो ऐका! केरबाची पोर आली हो!"

आजूबाजूची पोरं गडगडून हसली.

"केरबाला का हसतो रं?" चांगुणा म्हणाली. "त्यानं गाव वाचिवलं!"

"त्यानं?" गोरक्ष म्हणाला. "त्यानं फकस्त लाळ गाळली. गाव हिरोनं वाचिवलं."

"आन् हिरोला कुनी सांगितलं सभा हाय म्हून?"

गोरक्षने क्षणभर विचार केला. "हिरो हाय तो," तो म्हणाला. "हिरोला सगळं कळतं."

"केरबानं सांगितलं! मार खाऊन सांगितलं!"

"ए चांगुणे, आमी काय आंधळे हाय व्हय? आख्खा शिणुमा बघितला आमी. तसलं काय बी न्हाई त्यात. आन् तूच म्हनलीस ना, आक्षी तुझ्या आबासारखा?"

बाकीची पोरंही माना हलवत होती. सगळ्यांनी पाहिलेला सिनेमा एक आणि तिने पाहिलेला दुसरा. तिला वाटलं, आपण तापात काहीतरी स्वप्न तर नाही ना पाहिलं?

रविवारी शाळा नव्हती, म्हणून ती आईबरोबर बांधावर गेली. हजेरी सुरू झाली. आसाराम पुंजारामबाबांच्या नावाला अडले. बाबा नेहमीसारखं काही म्हणणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी घमेल्यावर थाप मारली, "ऐ-ऐ-ऐका हो!" आणि अख्खा बांध हसला. काल-परवापर्यंत ज्यांनी दम धरून आपलं नाव ऐकून घेतलं होतं, ती माणसं हसली. बाया हसल्या. पुंजारामबाबांनी तोंड फिरवलं, पण खांदे त्यांचेही हलत होते. मालनबाईंचं नाव आलं तेव्हा त्यांनी "हाय" म्हटलं नाही. त्या खाली मातीकडे बघत राहिल्या. आसारामांचे ओठ मिटले ते मिटलेच, आणि थापांवर थापा पडत राहिल्या.

मला सांगा, काय बदललं होतं? आसाराम तेच, त्यांचं अडखळणं तेच. फक्त आता लोकांच्या डोळ्यांपुढे एक सोंग उभं राहिलं होतं आणि ते त्या सोंगातूनच आसारामांकडे बघत होते. सिनेमातल्या माणसात एवढी ताकद असते. तो तुमच्याबरोबर घरी येतो आणि तुमच्या शेजाऱ्याच्या अंगावर जाऊन बसतो. म्हणून तो अर्धवट घरी आणू नये. पण त्या लोकांना तो अर्धाच दिला गेला होता, आणि अर्धा दिलाय हे सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती.

ओव्हरसियर साहेब मोटारसायकलवर पाय टाकून सगळं बघत होते. हजेरी संपल्यावर त्यांनी आसारामांना बाजूला बोलावलं. "आसाराम, काम तुमचं चोख आहे. पण शिस्त राहिली नाही. येत्या शुक्रवारपासून हजेरी दुसरा घेईल. तुम्ही खडीवर जा."

आसाराम काहीच बोलले नाहीत. घरीही नाहीत. रात्री जेवताना त्यांनी पाणी मागितलं ते तांब्याकडे बोट दाखवून. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी हवी होती ती टोपल्याकडे बोट दाखवून. मालनबाई चुलीपुढे बसून चांगुणाला म्हणाल्या, "इतकी वर्सं अडखळत का हुईना, बोलत हुतं घर. आता बघ." आणि मग हळूच, "तुला कुनी सांगितलं हुतं गं गावभर दवंडी द्यायला?"

चांगुणा उठून बाहेर गेली. रडली वगैरे नाही. त्या सोमवारी शाळा सुटली तशी ती तडक टॉकीजवर गेली.

मागच्या बाजूला लाकडी जिना होता, वर यंत्राची खोली. तिथे गहिनीनाथ नावाचा ऑपरेटर हँडल फिरवून रीळ उलटं गुंडाळत बसला होता. भिंतीशी पत्र्याचे गोल डबे, त्यांच्यावर चुन्याने आकडे.

"गहिनीमामा, केरबा दवंडी देतो ते कुठं गेलं?"

गहिनीनाथने तिच्याकडे पाहिलं. "कुठली दवंडी? मार खाल्ल्यावरची?"

चांगुणाच्या जिवात जीव आला. म्हणजे स्वप्न नव्हतं.

"ती नवव्या रिळात हाय," तो म्हणाला आणि पायाने एक डबा दाखवला. "गुरुवारी नववं लावत न्हाई. बाजारच्या दिशी बारा, तीन, सहा असे तीन खेळ बसवायचे. एक रीळ गाळल्याबिगर जमत न्हाई."

"मग नववंच का?"

"आठव्यात गानं हाय. दहाव्यात मारामारी. ती गाळली तर लोक पडदा फाडतील. नवव्यात काय? तोतरा मार खातो आन् गावभर फिरतो. कुनी इचारलंबी न्हाई."

"हिरोला कळलं कसं, हे सुद्धा कुनी इचारलं न्हाई?"

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाला आणि हँडल थांबवलं. "खरं सांगू का? मलाबी बरं न्हाई वाटत. पन आप्पासाहेबांचा हुकूम."

बघा कसं असतं. सिनेमा करणाऱ्यांनी केरबाला आधी हसण्यावारी नेलं ते मुद्दाम. आपण हसावं आणि नवव्या रिळात आपल्यालाच आपल्या हसण्याची लाज वाटावी, म्हणून. टॉकीजवाल्यांनी हसणं तेवढं ठेवलं आणि लाज गाळली. वर म्हणे कुणी विचारलं नाही! गुरुवारी येणाऱ्यांना दुसरं काही दाखवलंच नव्हतं, तर ते विचारणार कुठून? बाकीच्या दिवशी, टॉकीज निम्मी रिकामी असताना, नववं रीळ इमानाने लागत होतं. दिवसभर माती वाहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसांच्याच वाट्याला उणा सिनेमा. याचा राग येऊ नये तर कशाचा यावा?

आप्पासाहेब, टॉकीजचे मालक, खाली पायरीवर खुर्ची टाकून पान जमवत होते. चांगुणा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आप्पासाहेब, गुरुवारी नववं रीळ लावा."

"आँ? कुणाची गं तू?"

"आसारामची. हजेरीवाल्या."

"असं होय! केरबाची!" आप्पासाहेब हसले आणि मग, ती हसत नाही हे बघून, जरा थांबले. "अगं, दहा मिनिटांचं तर रीळ. त्यात काय एवढं?"

"त्या धा मिंटांत केरबा आख्खा हाय," चांगुणा म्हणाली. "तुमी लोकांला त्याचं अर्ध टाळकंच दाखिवता. आन् लोक ते टाळकं माझ्या आबाच्या डोक्यावर ठिवत्यात."

"मोठी बोलकी दिसतेस! बाप अडखळतो ती कसर तू काढतेस काय?"

"आबाची हजेरी जायाची हाय. शुक्रवारी. त्याच्या आधी लोकांनी ते बघाया पायजे."

आप्पासाहेबांनी पान तोंडात घातलं. दुपारची वेळ, पोरगी काही हलत नव्हती. "बरं," ते म्हणाले. "येत्या गुरुवारी बाराच्या खेळाला लावू. झालं समाधान? जा आता घरी."

मोठी माणसं "बरं, लावू" म्हणतात तेव्हा मुलं ते खरं धरतात. धरावंच. शब्द त्यासाठीच असतो. चांगुणाने गहिनीमामाला वर जाऊन सांगितलं, शाळेत गोरक्षला सांगितलं, पाणवठ्यावर पुन्हा सगळ्यांना सांगितलं. "गुरुवारी बाराला या. उरलेला केरबा हाय." काही जण नुसते मजा बघायला म्हणून तयार झाले. कसे का होईना, तयार झाले.

बुधवारी संध्याकाळी ती वडिलांजवळ जाऊन बसली. "आबा, उद्या माझ्यासंगं शिणुमाला चला."

आसारामांनी मान हलवून नाही म्हटलं.

"तुमी तो बघितला कुठं? तुमाला फकस्त लोकांनी दाखिवलाय."

तीन दिवसांत ते बोलले नव्हते. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "चांगू, माझंच... सोंग... मीच बघू व्हय?"

"सोंग न्हाई ते, आबा. मी बघितलंय. तुमी माझ्यावर इस्वास ठिवा. एवढ्या येळेला."

गुरुवारी आसारामांनी धुतलेली टोपी घातली. टॉकीजच्या दारातच दोघा-तिघांनी "आले केरबा" म्हणून जागा करून दिली. ते दोरीच्या पलीकडे, पुरुषांत, कडेला जाऊन बसले. चांगुणा दोरीच्या अलीकडे आईजवळ. मधे दोन हातांचं अंतर, पण अंधार होण्याआधी त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने मान हलवली. थांबा, आबा. येतंय.

सिनेमा सुरू झाला. टॉकीजचं यंत्र एकच होतं, त्यामुळे दर रीळ संपलं की दिवा लागायचा, गहिनीनाथ दुसरं चढवायचा, दिवा जायचा. दुसऱ्या रिळात केरबा आला. "ऐ-ऐ-ऐका हो!" पत्रे दणाणले. लोक पडद्याकडे बघेचनात. माना वळवून ते आसारामांकडे बघत होते. तिसऱ्यात पुन्हा. पाचव्यात पुन्हा. दिवा लागला की चांगुणा वडिलांकडे बघायची. ते गुडघे जवळ घेऊन समोर बघत होते. ते उठले नाहीत. तिने सांगितलं होतं म्हणून ते बसून राहिले होते.

आठवं रीळ, गाणं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. गाणं संपलं, दिवा लागला.

चांगुणाने आईचा हात घट्ट धरला. वरच्या भोकातून डब्यांचा खडखडाट ऐकू आला. मग दारातून आप्पासाहेबांचा आवाज आला, "गहिनी, आटप! तीनच्या खेळाची माणसं आतापासून उन्हात उभी आहेत!" गहिनीनाथ वरून काहीतरी म्हणाला. आप्पासाहेब म्हणाले, "अरे, पोरीला सांगायला काय जातंय? लाव दहावं!"

हे सगळ्यांनी ऐकलं. एकानेही तोंड उघडलं नाही.

दिवा गेला. पडद्यावर चावडीचं दार धाडकन उघडलं आणि हिरो आत आला. त्याला सगळं कळलेलं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात दोरीच्या पलीकडे आसाराम उठले, टोपी काढून हातात घेतली आणि वाकून, कुणाच्या दृष्टीला आडवं येऊ नये म्हणून अगदी वाकून, दाराकडे निघाले.

चांगुणाने आईचा हात सोडला. माणसांच्या गुडघ्यांवरून, पिशव्यांवरून ती पुढे गेली. पडद्याखाली हातभर उंचीचा ओटा होता, त्याच्यावर ती चढली आणि तोंड लोकांकडे करून उभी राहिली. उजेड थेट तिच्या डोळ्यांत घुसला. हिरोच्या मुठी तिच्या फ्रॉकवर आपटू लागल्या, आणि मागे पडद्यावर तिची काळी सावली इनामदाराहून मोठी झाली.

"ए पोरी, खाली बस!"

"कुनाची हाय ती? वढा तिला!"

"केरबाची! केरबाची!"

कुणीतरी टरफलांची मूठ फेकली. आप्पासाहेब दारातून ओरडले, "उतर खाली! गहिनी, चालू ठेव!"

पण यंत्राची घरघर मंद झाली आणि थांबली. गहिनीनाथने दिवा लावला. दारापाशी पोचलेले आसाराम दाराच्या काळ्या पडद्याला हात लावून वळले. सगळी टॉकीज एका मुलीकडे बघत होती, आणि आप्पासाहेब माणसांतून वाट काढत ओट्याकडे निघाले होते.

चांगुणाने दारापाशी उभ्या आबांकडे बघितलं.

"रात हाय," ती मोठ्याने म्हणाली. "इनामदारानं केरबाला वाड्यावर बोलिवलंय. तो म्हनतो, केरबा, उद्या गावाला सांग, सभा न्हाई..."

आणि तिने नववं रीळ पहिल्यापासून सांगायला घेतलं.